मदत हवी आहे: यूबीसीतला (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला) रिकन्सिलिएशन पोल, म्हणजे कोरीव लाकडी खांब, बघायला जाताना काय पाळावं?

व्हँकुव्हरकरांनो, ३० सप्टेंबरला ऑरेंज शर्ट डे (कॅनडातल्या निवासी शाळांत पाठवलेल्या आदिवासी मुलांचा स्मृतिदिन) आहे, आमच्या मंडळातली आठ-दहा पोरं घेऊन यूबीसीत जायचा विचार आहे. तिथला जेम्स हार्ट यांनी कोरलेला हैदा या आदिवासी समाजाच्या शैलीतला पोल २०१७ मध्ये उभा केलाय, मधोमध शाळेची इमारत कोरली आहे आणि पोलवर हजारो तांब्याचे खिळे ठोकलेत, निवासी शाळांत (आदिवासी मुलांना घरच्यांपासून तोडून जिथे ठेवायचे त्या शाळांत) मरण पावलेल्या मुलांच्या आठवणीत. २०१८ मध्ये विद्यापीठाने माफीही मागितली आणि कॅम्पसवरच या शाळांच्या इतिहासाचं सेंटर काढलं, नुसती पाटी लावून मोकळे झाले नाहीत हे मला आवडलं.

तर पोलजवळ फोटो काढलेले चालतात का, त्या दिवशी सेंटर उघडं असतं का, आणि सात-आठ वर्षांच्या पोरांना हे सगळं न घाबरवता सांगायचं कसं? कुणी नेलं असेल तर सांगा प्लीज.