लॉग टेबलात 2 आणि 5 ची जोडी: योगायोग की काय?

पडवीतला_गुहागर
आमच्याकडे दोन दिवस लाईट नाही. वेळ जाईना म्हणून आप्पांची ट्रंक उघडली. कपड्यांखाली त्यांची लॉग टेबलची पुस्तिका सापडली (लॉग म्हणजे 10 चा कितवा घात केला की तो आकडा येतो, ते). कसरीने अँटिलॉगची (लॉगवरून मूळ आकडा देणारी) पानं चाळणी केलीत, लॉगची शाबूत आहेत. 20 च्या ओळीत 3010 (म्हणजे लॉग 2 = 0.3010), 50 च्या ओळीत 6990 (लॉग 5 = 0.6990). बेरीज बरोब्बर 10000. गंमत वाटली म्हणून मोबाईलवर बघितलं:

लॉग 2 = 0.30102999566398…
लॉग 5 = 0.69897000433601…

आता वरखाली अंक जोडा. 3+6, 0+9, 1+8, 0+9, 2+7… प्रत्येक जोडी 9! पण पुस्तिकेत तसं होत नाही, तिथे 1 खाली 9 येतो, म्हणजे 10. छापणाऱ्याने चूक केली का?

मास्तर_रत्नागिरी
चूक नाही हो. आकड्यांचा गुणाकार केला की लॉगांची बेरीज होते. 2 गुणिले 5 म्हणजे 10, आणि 10 चा लॉग 1, म्हणून दोन लॉगांची बेरीज 1. तो 1 तुम्ही 0.9999… असा लिहा आणि त्यातून लॉग 2 वजा करा. 9 मधून कुठलाही अंक सुखाने जातो, उसना घ्यावा लागत नाही. उरतो तो लॉग 5.
पुस्तिका दशांशाच्या चार घरांवर थांबते. पाच घरांपर्यंत लॉग 2 होतो 0.30103, चार घरांत 0.3010. जिथे अंक थांबतात, तिथे (शेवटची शून्यं सोडून) शेवटच्या जोडीला 10 व्हावंच लागतं, त्याशिवाय हातचा मिळून 1 पुरा कसा होणार? खरा लॉग 2 कधी थांबतच नाही. 2 च्या घाताच्या शेवटी 2, 4, 8, 6 एवढेच येतात, शून्य कधीच नाही. म्हणून 2 चा कुठलाच घात 10 च्या घाताशी जुळत नाही आणि लॉग 2 कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही.
हेन्री ब्रिग्जने 1624 साली 14 घरांपर्यंतचे लॉग छापले, तेही हाताने, 10 चं वर्गमूळ पुन्हा पुन्हा काढत. आमची पोरं कॅल्क्युलेटरला सेल नाही म्हणून रडतात.

होडीवाला
माका गणित कधी जमला नाय, पण 8 नि 125 करून बघलंय. 0.90308998… नि 2.09691001… पॉइंटाच्या मागे सगळे 9! मगे 3 घेतलंय, तर जोडीदार गावलोच नाय.

मास्तर_रत्नागिरी
गावणार नाही. 3 ला 10, 100, 1000, कशानेच पुरा भाग जात नाही.

पडवीतला_गुहागर
लाईट आली. 50 च्या ओळीशेजारी आप्पांनी पेन्सिलीने ‘1 − 20’ लिहिलंय. लहानपणी मला वाटायचं, पाठ 1 ते 20 वाचायचे आहेत.