डबल मार्करला पैसे नाहीत, डोहाळजेवणाला आहेत?

होटगीरोडची_वहिनी: सोलापुरात कुणालाही विचारा, एकच उत्तर, "आपल्या बायकांना असल्या टेस्ट नकोच असतात, पैसे कोण घालणार". मला नाही पटत. हवी असते ओ, पाकीट त्यांच्याकडं नसतं. परवा सोनोग्राफीच्या रांगेत एक पोरगी डबल मार्करची, म्हणजे पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोमसारख्या जन्मजात दोषाचा धोका किती ते सांगणाऱ्या रक्ताच्या टेस्टची, चिठ्ठी हातात चुरगाळत नवऱ्याला फोनवर समजावत होती, तिकडनं एकच, आमच्या आईच्या वेळी कुठं होतं हे. दोन-तीन हजाराचा प्रश्न, आणि सातव्या महिन्यात हॉल, केटरर, फुलांचा झोपाळा सगळं होतंय की.

विडीघरकुल: होटगी रोडवरनं सगळं सोपंच दिसणार. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला दोन-तीन हजार म्हणजे किती दिवसांची मजुरी, हिशोब करा जरा. कसला केटरर अन् कसला झोपाळा. आणि पैसे असले तरी काय, ही टेस्ट ११ ते १४ आठवड्यांतच होते, आमच्याकडं तीन महिने होईस्तोवर दिवस गेलेत हे शेजारणीलाही सांगत नाहीत, नजर लागते म्हणून, नाव नोंदवायला जाते तोवर वेळ गेलेली.

सातरस्ता_बॉय: मी विरोधात. घाबरवायचा धंदा आहे नुसता. डबल मार्कर म्हणजे निदान नाही, अंदाज. बाळ ठणठणीत असलेल्या १०० बायकांत ५ जणींना उगाच 'हाय रिस्क' येतं, मग एनआयपीटी करा, म्हणजे आईच्याच रक्तातनं बाळाची आणखी नेमकी तपासणी, दहा हजाराच्या पुढं, ते पण पक्कं नाही म्हणून पोटात सुई घालून पाणी काढा. त्यापेक्षा आपल्याकडं मामाला भाची देतात तिथं आधी दोघांची थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापाकडनं येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी करा, दोघं वाहक निघाले तर दर खेपेला बाळाला तो आजार व्हायचा २५ टक्के धोका. त्यावर कुणी धागा काढत नाही.

चादरवाली: बॉय, माझ्या नणंदेचा पोरगा डाऊन सिंड्रोमचा, बाळंत झाल्यावर कळालं. हृदयाला छिद्र. अशा जवळपास निम्म्या लेकरांना हृदयाचा त्रास असतो. आधी कळलं असतं तर ती काय पाडणार नव्हती, पुण्याला सोय बघून बाळंतपण केलं असतं. तिला विचारा किती पैसे मोजले असते ते.

नाका_११: एक डाउट. त्या महागड्या रक्ताच्या टेस्टमध्ये मुलगा-मुलगी कळतं म्हणे? मग करू की, पैशाचं काय.

होटगीरोडची_वहिनी: बघा, आता निघाले पैसे! रिपोर्टमध्ये ते देत नाहीत आणि १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, कमेंट उडवा ती. विडीघरकुल, नजरेचा मुद्दा पटला, पण पाळी चुकली की आशाताईच्या कानावर तरी घालता येतं ना, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते.

विडीघरकुल: असते, बीपी, एचबी, वजन सगळं होतं. डबल मार्कर बाहेरनं. पण पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी लिहून दिली की आमच्या बाया उसने काढून करतात, कारण तिथं बाळ डोळ्यानं दिसतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये नुसते आकडे, ते कुणी समजावूनच सांगत नाही, मग कशाला देतील पैसे?

सातरस्ता_बॉय: सोनोग्राफीला माझा विरोध नव्हताच. डबल मार्कर सरसकट, त्याला आहे.