जत्रेचं बक्षीस की वर्षभराचा संघ?

केजकर:
आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी कबड्डीची बक्षिसाची स्पर्धा होते. वर्गणी घरटी, पण पहिलं बक्षीस नेतात बाहेरचे संघ, तेही पैसे देऊन आणलेल्या खेळाडूंच्या जोरावर. आपली पोरं कडेला बसून टाळ्या वाजवतात. माझं मत असं, की दोन वर्षं स्पर्धा बंद ठेवावी आणि त्या पैशात खो-खोचे दोन संघ उभे करावेत, मुलींचा आणि मुलांचा. दोन खांब आणि चुन्याची फक्की एवढ्यावर मैदान तयार होतं, मॅट लागत नाही. काटकुळं पोरगंही इथे चालतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते.

जुना चढाईपटू:
साफ विरोध. लोक वर्गणी देतात ती जत्रेच्या रात्रीसाठी. स्पर्धा थांबली की वर्गणीही थांबली, मग खांब कशाने आणणार? मी आठवीत असताना असाच एक सामना पाहिला. चढाईपटू पकडीतून घसटत आला आणि त्याचं बोट मधल्या रेषेला टेकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेमागे फरशीच्या तुकड्याने रेषा आखली. ती रात्र नसती तर मी कधी खेळलोच नसतो.

वर्गशिक्षिका:
तुम्ही दोघेही दिवाळीनंतरचं बोलत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींचा खो-खो घेते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. गेल्या वर्षी बारातल्या पाच जणी आईबापांबरोबर गेल्या. त्यात माझी सगळ्यात चांगली मुलगी होती, खांबावरून सूर मारणारी. ती परतली तेव्हा उन्हाळा लागला होता, सराव सुटला होता आणि अभ्यासही. आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय असते. पण आजी थकलेली, धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नाही, म्हणून मुलगी जातेच. वर्गणी तिथे लावा.

केजकर:
बाई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. स्पर्धा बंद करण्याचं मी मागे घेतो. पण बाहेरचे खेळाडू नकोत, यावर मी ठाम आहे.

जुना चढाईपटू:
ते मलाही मान्य. 17 वर्षांखालचा गट ठेवू आणि शाळेचा दाखला पाहूनच नाव घेऊ. वयाची चोरी आमच्या वेळीही होती, त्यात कच्च्या पोरांचे गुडघे गेले. बक्षिसातला निम्मा वाटा मुलींच्या संघाला द्यावा, हे मंडळाच्या बैठकीत मी स्वतः मांडतो.

वर्गशिक्षिका:
मांडा. पण मुलींचा सराव सकाळी साडेसहाला ठेवा. संध्याकाळी पाणी भरायचं असतं, आणि अंधार पडला की घरचे मैदानावर येऊ देत नाहीत.