विरोध नाही की विचारलंच नाही?

वर कुणीतरी म्हटलंय, 'भ्रूणाच्या मूलपेशींचा वाद अमेरिकेतल्या चर्चचा, आपला काय संबंध?' संबंध आहे की! या पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो, वाद त्याचाच. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुशनी या संशोधनाचा सरकारी पैसा आधीच तयार असलेल्या पेशीमालिकांपुरताच (म्हणजे भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींपुरताच) ठेवला. अशा पेशीमालिका असलेल्या संस्थांच्या यादीत बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था होती आणि रिलायन्स लाइफ सायन्सेसही, जिचं काम आज आमच्या घणसोलीशेजारी रबाळ्यात चालतं.

आपल्याकडे विरोध नाही म्हणता, पण विचारलंय कुणी? ठाण्यात आयव्हीएफ केलेल्या माझ्या वहिनीला गोठवलेल्या तीन भ्रूणांचं बिल दरवर्षी येतं. संशोधनाला द्यायचे तर लेखी संमती लागते. दादा एका पायावर तयार. वहिनी मात्र बिल फ्रिजवर चुंबकाखाली आठवडाभर ठेवते आणि गुपचूप भरते. (आईला यातलं काही माहीत नाही, नाहीतर तिसरंच मत निघायचं.)