फ्रीडॉससह आलेल्या नव्या लॅपटॉपवर विंडोज घ्यावे की लिनक्स? वकिली कार्यालयासाठी सल्ला हवा

दस्तलेखिका_फोंडा

नमस्कार. फोंडा येथील एका लहान वकिली कार्यालयात मसुदे तयार करणे आणि दस्तऐवज सांभाळणे हे माझे काम आहे. कार्यालयासाठी नुकताच घेतलेला लॅपटॉप (१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी) फ्रीडॉससह आला आहे, म्हणजे वापरण्याजोगी ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर अजून नाही. दुकानदार पाचशे रुपयांत विंडोज ‘मारून’ देण्यास तयार होता. पक्षकारांची कागदपत्रे ज्या यंत्रावर राहणार, त्यावर असली प्रत नको म्हणून आम्ही नकार दिला.

आमचे काम असे: मराठी व इंग्रजीत विक्रीखते आणि मुखत्यारपत्रे, पोर्तुगीज काळातील कागदांच्या स्कॅन प्रती, आणि यूएसबी टोकनवरील डिजिटल स्वाक्षरी. जुन्या मराठी फाइली युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये आहेत आणि त्यांतील मजकूर आजही नव्या खतांसाठी उचलावा लागतो. विंडोजचा परवाना विकत घ्यावा, की लिनक्सवर निभावेल? कार्यालयात संगणक जाणणारे दुसरे कोणी नाही, हे लक्षात घेऊन सांगावे.

बार्देशकर

ताई, आपला निर्णय टोकन आणि जुन्या फाइली या दोनच गोष्टींवर ठरेल. बाकी कामे दोन्हीकडे सारखीच होतात. स्कॅनमधून मजकूर काढणारे टेसरॅक्ट मोफत आहे, ते मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषा वाचते आणि दोन्ही सिस्टिमवर चालते. (हस्तलिखित नोंदींसाठी मात्र त्याच्या नादी लागू नये.)

जुन्या फाँटमध्ये आपल्याला ‘क’ दिसतो तेथे फाइलीत प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते आणि त्याला देवनागरी रूप फक्त फाँट देतो. त्यामुळे परवान्यात मुभा असेल तर तोच फाँट लिनक्सवर बसवून या फाइली वाचता व छापता येतात. मात्र त्या फाँटमध्ये नवे टंकन करून देणारा प्रोग्राम सहसा विंडोजसाठीच असतो. म्हणून यापुढचे सर्व लेखन युनिकोडमध्ये करावे आणि जुनी फाइल लागेल तेव्हाच रूपांतरित करून, मूळ छापील प्रतीशी ताडून घ्यावी. रूपांतरात रफार सरकतो, ‘ऱ्य’ तुटतो, हे वाचताना तरी ध्यानात येते. परंतु तिरकी रेघ गळून सर्व्हे क्रमांक १२३/४ चा १२३४ झाला, तर तो कोणताही शुद्धलेखन तपासनीस पकडणार नाही आणि खत एक-चौदाच्या उताऱ्याशी (गोव्यातील जमिनीच्या नोंदीशी) जुळणार नाही.

माझे मत लिनक्सच्या बाजूने आहे. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी, २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने आहेत. टोकन त्यावर अडलेच तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) विंडोज ११ ठेवून तेवढ्यापुरते वापरावे. १६ जीबी रॅममध्ये हे सहज बसते. अर्थात त्या आतल्या विंडोजलाही परवाना लागतोच.

अंत्रुजकर

बार्देशकरांचे जुन्या फाइलींबाबतचे म्हणणे मान्य, पण निष्कर्ष मला पटत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी व्हर्च्युअल यंत्रात टोकन दिसेनासे झाले, तर फोंड्याच्या बाजारात ताईंनी कोणाला बोलवावे? येथे दुरुस्तीला येणारा माणूस विंडोजच जाणतो. एकच यंत्र आणि जाणकार कोणी नाही, अशा कार्यालयाने विंडोज ११ प्रो सरळ विकत घ्यावे.

होम ही साधी आवृत्ती न घेता प्रो घेण्याचे कारण बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी सोय. होममध्येही यंत्राचे एन्क्रिप्शन होते, पण ते मुख्यत्वे मायक्रोसॉफ्ट खात्याशी बांधलेले असते आणि त्यावर आपले नियंत्रण फार थोडे. प्रोमध्ये आपण स्वतः डिस्क कुलूपबंद करू शकतो. त्या वेळी मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. ती त्याच लॅपटॉपवर ठेवणे निरर्थक आहे.

परवाना रिटेल प्रकारचा असावा, म्हणजे पुढे लॅपटॉप बदलला तरी तो नव्या यंत्रावर नेता येतो. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ बऱ्याचदा मोठ्या संस्थांच्या घाऊक परवान्यांतून फुटलेल्या असतात. त्या आज चालल्या म्हणजे आपल्याकडे परवाना आला, असे होत नाही. आणि कोणी विंडोज १० सुचवले तर ऐकू नये; त्याचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दस्तलेखिका_फोंडा

दोघांचेही आभार. वकीलसाहेबांचा कल अंत्रुजकरांच्या सल्ल्याकडे आहे, परंतु खर्च करण्यापूर्वी टोकन लिनक्सवर चालते का, हे पाहावे असे मला वाटते. काहीही न बसवता तशी चाचणी करता येते काय? आणि मी इन्स्क्रिप्टने टंकन करते. लिनक्सवर कळा बदलतील का?

सत्तरीवासी

टंकनाची चिंता नको. इन्स्क्रिप्ट हा भारतीय मानकातील आराखडा असल्याने विंडोजचा मराठी कीबोर्ड आणि लिनक्सचा इन्स्क्रिप्ट यांत नेहमीच्या कळा त्याच राहतात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ उमटवण्यासाठी शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, हा क्रमही तोच.

चाचणी अवश्य करावी. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराची आयएसओ फाइल (बसवण्याची संपूर्ण प्रत) अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, तिचा एसएचए-२५६ अंक (फाइल अस्सल आहे का हे दाखवणारी खूण) तेथे दिलेल्या अंकाशी जुळवावा आणि रूफस या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की एसएसडीला हात न लावता मिंट चालते. टोकनसोबत मिळालेला लिनक्स ड्रायव्हर तेथे बसवावा, फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ उघडून ड्रायव्हरची .एसओ फाइल लोड करावी आणि पिन दिल्यावर प्रमाणपत्र दिसते का ते पाहावे. येथे उबुंटूऐवजी मिंट सुचवतो, कारण उबुंटूतील फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या बंदिस्त पॅकेजात) येतो आणि असे बाहेरचे मॉड्यूल वाचताना तो अडखळतो. मिंट २२ चा पाया उबुंटू २४.०४ चाच आहे.

मात्र प्रमाणपत्र दिसणे ही अर्धीच परीक्षा आहे. ज्या पोर्टलवर आपण खरोखर स्वाक्षरी करता, त्याचे स्वाक्षरीचे साहाय्यक सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळते का, हे त्या पोर्टलच्या डाउनलोड पानावर पाहावे. ते केवळ विंडोजसाठी असेल तर वाद मिटला, अंत्रुजकरांचेच ऐकावे. याच बैठकीत प्रिंटर आणि स्कॅनरही जोडून पाहावेत, विशेषतः प्रिंटर जुना लेझर असल्यास. काही जुन्या यंत्रांचे लिनक्स ड्रायव्हर फार कटकटीचे आहेत.

विंडोज बसवायचे ठरल्यास दोन अडचणी हमखास समोर येतात. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर इंस्टॉलरला एसएसडीच दिसत नाही आणि डिस्कची यादी रिकामी येते. डिस्क बिघडलेली नसते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, त्याचे फोल्डर पेनड्राइव्हवर सुटे करून ठेवावे आणि त्याच पडद्यावरील ‘लोड ड्रायव्हर’मधून निवडावे. दुसरी अडचण वाय-फायची: विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागते आणि वाय-फायचा ड्रायव्हर अजून नसतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की पुढे जाता येते.

मिंटच ठरले, तर बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय तेव्हाच निवडावा, कारण नंतर तो सहजी जोडता येत नाही. दोन्ही सिस्टिम हव्या असतील तर आधी विंडोज, मग मिंट. या धावपळीत फर्मवेअरचेही (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचेही) अद्यतन दिसले तर ते चार्जर जोडून आणि बॅटरी पूर्ण भरल्यावरच करावे. पावसाळ्यात आमच्याकडे वाळपईला वीज कधी जाईल याचा नेम नसतो, फोंड्यातही फार वेगळे नसावे.