मदत हवी आहे: नेक्सॉन ईव्ही (४५ kWh बॅटरी) की क्रेटा इलेक्ट्रिक (५१.४ kWh)?

राजेहो, गाव दारव्हा तालुक्यात. रोजचं जाणं-येणं यवतमाळपर्यंत, त्याला कोणतीही बॅटरी पुरते. अडचण नागपूरची. आईला दवाखान्यात नेऊन त्याच दिवशी परतायचं असतं, म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. तेही मे महिन्यात, पारा ४५ वर, एसी फुल्ल. कागदावरची रेंज मी धरतच नाही.

दोन्ही चालवून पाहिल्या. क्रेटात मागे आई ऐसपैस बसते, नेक्सॉन खिशाला परवडते. शोरूमवाले आपापलंच गुणगान गातात.

घरी सिंगल फेज मीटर आहे. १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावायची तयारी आहे, पण शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज इतकं पडते की पंखासुद्धा रांगतो. शेतीच्या कनेक्शनवर लावायची नाही, हे आधीच सांगतो. डिझेलचा सल्लाही नको, बाप्पा.

यापैकी एखादी गाडी घेऊन विदर्भात एक उन्हाळा काढलेल्यांनी सांगा: एसी लावून हायवेला खरे किती किलोमीटर मिळतात? कमी व्होल्टेजवर चार्जिंग मधेच तुटते का? आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत खालून बॅटरी घासते का?