'लोणारची उल्का तळाशीच आहे' म्हणे!

खडककिडा: काल एका भटकंतीवाल्याची पोस्ट जो तो फॉरवर्ड करत होता. 'लोणारला पावणेदोन किलोमीटरची उल्का पडली. खड्डा गोल, म्हणजे ती सरळ वरून आली. आजही तळाशी रुतलेली आहे.' तीन वाक्यं, तिन्ही थापा! अहो, सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने आलेला दगड रुतत नाही, त्याचा स्फोट होतो. धक्कालहर इथल्या काळ्या बेसाल्ट खडकातून धावते, खडक उखडून बाहेर फेकला जातो, काठावर त्याचाच उंचवटा होतो. दगड बराचसा वितळून, वाफ होऊन जातो. पावणेदोन किलोमीटर हे साधारण खड्ड्याचं माप, उल्केचं नाही. खड्डा दगडाच्या साधारण वीसपट, म्हणजे लोणारचा दगड शंभर मीटरच्या आसपास. स्फोट चहूबाजूंनी सारखा पसरतो, म्हणून उल्का तिरकी आली तरी खड्डा गोलच. अगदी जमिनीला घासत आली तरच लांबट.

जुने_मास्तर: वेग वेग काय लावलंय? वजनाला काही किंमत? आणि सगळं दख्खन लाव्हाचं, मग हे ज्वालामुखीचं तोंड का नाही? खणून पाहिलंय कुणी?

खडककिडा: पाहिलंय, मास्तर. १९७३ च्या शोधनिबंधात तळातल्या बोअरचे नमुने आहेत. त्यात मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे फेल्डस्पार या खडकातल्या खनिजाची धक्क्याने झालेली काच. ज्वालामुखीला तेवढा दाब जमत नाही. आणि दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, खड्डा त्याच्यापुढे कालचा. खणायची हौसच असेल तर अमेरिकेत ॲरिझोनाच्या उल्काखड्ड्यात खणणाऱ्या बॅरिंजरचं वाचा. १९०३ पासून खड्ड्याखाली उल्केचं लोखंड शोधत पैसा ओतला, खाणीजोगं काही लागलं नाही. वजनाचं म्हणाल तर ते आहेच, पण वेगाचा वर्ग होतो. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. तरी खड्ड्याचा व्यास दुप्पट व्हायला ऊर्जा ढोबळमानाने दहापट लागते.

मेहकरचा: 'कालचा' म्हणजे कधीचा, भाऊ? कुणी ५२ हजार वर्षं म्हणतं, कुणी ५ लाख ७० हजार. वय ठरेना अन् उल्केचं माप सांगता!

खडककिडा: वय मोजायच्या दोन पद्धती: ५२ हजार थर्मोल्युमिनेसन्सचे, म्हणजे नमुना तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून; ५ लाख ७० हजार आर्गॉनचे, म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून. मी आर्गॉनवाला. माप खड्ड्यावरून काढतात, वयावरून नाही.

सासर_लोणार: वयाचं राहू द्या. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'उल्केचं लोखंड गंजलं' असं ठरूनही गेलं होतं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव सांगितले, तर मोठे दीर म्हणाले, 'ते पुण्यात बसून सांगतात.'

मेहकरचा: ताई, तुम्हाला गुलाबी पाणीच दिसतं. आत उतरून पाहा, वेडी बाभूळ किती माजलीय. अंगातला शर्ट फाटतो. वरून रील काढणारे प्लास्टिक टाकून जातात.

सासर_लोणार: रील काढणारे बाहेरचेच असतात का? सासूबाई कमळजा देवीला पायी उतरतात, वाटेत पाऊचचा खच. पाऊच इथल्याच टपऱ्यांवरचे!

मेहकरचा: टपरीवाल्यांच्या पोटावर पाय देऊ नका. पुण्या-मुंबईत बसून बोलणं सोपं.

सासर_लोणार: मी संभाजीनगरची. माहीत नसेल तर विचारावं.

खडककिडा: मंडळी, खड्डा!

जुने_मास्तर: बरं, वेगाचा वर्ग मान्य, तो आम्हीच तुमच्या पिढीला शिकवला. 'ढोबळमानाने दहापट' मात्र परीक्षेत लिहिलं असतंत तर अर्धाच मार्क दिला असता. मांडणी दाखवा.